उघड्यावरचा विस्तव

पावसाळा तोंडावर आला कीं आमच्या विश्रांतवाडींतील घरांतून दोन निरनिराळ्या तयाऱ्या एकदमच सुरू होतात. ज्येष्ठ वद्यांत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्याच रस्त्यानें पुण्यास जाते. तेव्हां दिंड्यांतील मंडळींच्या चहाफराळाची जमवाजमव ही पहिली तयारी. दुसरी घरांतील तरुण मुलामुलींची. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड यांचे पावसांतले माथे त्यांना खुणावूं लागलेले असतात. पाठीवरच्या पिशवींत पावसाळी अंगरखे, विजेऱ्या, मोबाईलला वीज पुरविणारी डबी, सुका मेवा असें सारें नीट भरलें जातें. "विस्तवाची सोय काय?" असें एखाद्या वडीलधाऱ्यानें विचारलें, तर खिशांतून इवलासा लायटर निघतो आणि विषय तेथेंच मिटतो.

माझ्या मतें तो तेथें सुरू व्हावयास हवा. लायटरमधून ज्वाला मिळते; विस्तव मिळत नाहीं. भर आषाढांत, डोंगरावर, वारा सुटलेला असतां ओल्या काटक्यांखालीं लायटर धरून बसलेला मनुष्य अंगठा भाजून घेतो, आणि वायु संपला कीं पहिल्याइतक्याच थंड काटक्यांकडे पाहत बसतो. ह्याचें कारण शाळेंतल्या पदार्थविज्ञानांतच आहे. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांतला बराच मोठा भाग, पुष्कळदां निम्मा, पाण्याचा असतो. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करावयास 540 कॅलरी उष्णता लागते. म्हणजे तेंच पाणी बर्फाइतक्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी लागते तिच्या पांचपटींहूनही अधिक. हें पाणी निघून जाईपर्यंत लांकूड शंभर अंशांच्या पुढें फारसें सरकत नाहीं. आणि पेट घेण्याजोगा वायु त्यांतून सुटावयास अडीचशें ते तीनशें अंशांची धग हवी. ओल्या लांकडास काडी लावणारा मनुष्य खरें पाहतां पाणी उकळीत बसलेला असतो, आणि तेंही भांड्यावांचून!

तेव्हां विस्तवाचें निम्म्याहून अधिक काम काडी ओढण्यापूर्वींच व्हावयास हवें. आपल्या पूर्वजांना हें इतकें पक्कें ठाऊक होतें कीं त्यांनीं त्याचा विधिच करून टाकला.

ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या नांवानें होतो हें सर्वश्रुत आहे; परंतु तिसऱ्या मंडलांतील 29 वें सूक्त अग्निमंथनाविषयीं आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. श्रौत परंपरेंत अग्नि उत्पन्न करावयाचा तो अरणींच्या घर्षणानें. खालचें आडवें लांकूड ती अधरारणि, वरची ती उत्तरारणि. लांकूड अश्वत्थाचें, आणि तो अश्वत्थही शमीच्या झाडावर उगवलेला असावा, असा नियम. उत्तरारणीचा तुकडा बसविलेला उभा दांडा अधरारणीच्या खळग्यांत ठेवावयाचा, वरून एकानें दाबून धरावयाचा आणि दोरी गुंडाळून दुसऱ्यानें ताक घुसळल्याप्रमाणें फिरवावयाचा. घर्षणानें लांकडाची काळी भुकटी पडते, तींतून धूर येतो, आणि मग त्या भुकटींतच एक लाल ठिपका चमकतो. येथें घाई करणाऱ्याचा घात होतो. तो ठिपका वाळलेल्या, पिंजलेल्या, हलक्या पदार्थांत अलगद घेऊन हळूहळू वारा घालावा लागतो. तेव्हां कुठें जाळ उठतो. ही कथा केवळ पोथींतील नव्हे. 1975 सालीं केरळांत पांजाळ येथें अतिरात्र अग्निचयन झालें, त्याचें फ्रिट्स स्टाल यांनीं सविस्तर चित्रण करून ठेविलें आहे. सराव असलेले हात आणि कोरडें लांकूड असेल तर मंथनानें अग्नि आजही निघतो. मात्र भर पावसांत रानांत सांपडलेल्या नवशिक्यानें दोन काटक्या एकमेकींवर घांसून विस्तव काढण्याचें स्वप्न पाहूं नये. चित्रपटांत तें साधतें; तेथें पाऊसही नळाचा असतो.

ह्याच परंपरेंत एक विधि आहे त्याचें नांव समारोपण. आहिताग्नीस प्रवासास निघावयाचें झालें तर तो आपले अग्नि मंत्रपूर्वक अरणींत ठेवी, अरणि बरोबर नेई, आणि मुक्कामीं मंथन करून पुनः प्रज्वलित करी. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें मानावा. व्यवहाराचा भाग सरळ आहे. प्रवासाला निघालेला मनुष्य उत्तम, वाळलेलें, जपून ठेवलेलें लांकूड घरून बरोबर नेत होता. मुक्कामाला मिळेल तें पाहूं, अशा भरंवशावर तो निघत नव्हता.

घरोघरची चूलही ह्याच न्यायानें चाले. रात्रीं निजण्यापूर्वीं मोठा निखारा राखेंत पुरून ठेवावयाचा. राखेमुळें वारा बेताचा लागतो, म्हणून तो सावकाश जळत सकाळपर्यंत जिवंत राहतो. एखादे दिवशीं विझलाच, तर शेजारणीकडून उलथन्यावर विस्तव मागून आणावयाचा. तोड्याच्या बंदुकीची जामगी ही त्याच युक्तीची दुसरी तऱ्हा: सोऱ्यांत भिजवून वाळविलेली सुती दोरी धुमसत ठेवावयाची. रानशेणी, म्हणजे माळावर आपोआप वाळलेली शेणाची पोळी, अशीच धुमसते; एका कडेला निखारा लावला तर बराच वेळ विस्तव धरून ठेवते.

घर सोडून गेलेल्याची सोय चकमक करी. हा शब्द मूळचा तुर्की; मराठींत तो इतका रुळला कीं लढाईंतल्या लहानशा झटापटीसही आपण चकमकच म्हणतों. पोलादाचा तुकडा, गारेचा तुकडा आणि सावरीचा कापूस एवढें तिचें साहित्य. ठिणगी दगडांतून निघते अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाहीं. गारेच्या धारेनें पोलादाचा अतिसूक्ष्म कीस निघतो आणि तो तापून हवेंत जळतो; ठिणगी ती लोखंडाची. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ह्या कामाचा नाहीं, पण त्याच्या पोकळ्यांतून गारगोटी आणि अकीकाच्या जातीचे दगड पुष्कळ सांपडतात. ह्या जातीच्या दगडाचीं पातीं शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांवच्या उत्खननांत निघालीं. तें उत्खनन आमच्या शेजारच्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजनें 1968 ते 1983 ह्या काळांत केलें, आणि तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या घरांतल्या चुलीही उघड्या पडल्या. त्या पात्यांनीं लोक कापाकापी करीत. पोलाद तेव्हां नव्हतें, त्यामुळें चकमकीशीं त्यांचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. पण दगड तोच.

मग आगकाडी आली. 1827 सालीं जॉन वॉकर ह्या इंग्रज औषधविक्यानें घासून पेटणाऱ्या काड्या विकावयास काढिल्या. पुढें स्वीडनमध्यें पेटीवरच पेटणारी निर्धोक काडी निघाली. हिंदुस्थानांत 1923 सालीं वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना आपल्या अंबरनाथला निघाला. काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, अशी ही विभागणी आहे. म्हणून पावसांत काडीइतकीच पेटीची कड जपावी लागते. ती ओली झाली कीं कोरड्या काड्यांचाही उपयोग नाहीं. रुंद तोंडाच्या घट्ट झांकणाच्या बाटलींत काड्या, आणि पेटीच्या कडेची कापलेली पट्टी त्याच बाटलींत. लायटर अवश्य न्यावा, पण दोन वेगळ्या खिशांत दोन वेगळीं साधनें असावींत.

आतां मुख्य प्रश्न असा कीं ज्वाला आहे, पण ती धरावयाची कोठें? विलायती पुस्तकांत कापसाच्या बोळ्यास व्हॅसलीन चोळून नेण्याची युक्ति सांगितलेली असते आणि आमचीं मुलें ती मोठ्या कौतुकानें वाचून दाखवितात. घरच्या देव्हाऱ्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. तुपांत भिजविलेली फुलवात म्हणजे दुसरें काय आहे? कापूस वात होतो, तूप जळत राहतें, आणि एकेक फुलवात कित्येक मिनिटें सावकाश तेवते; तेवढ्या वेळांत काटक्या तापतात. दुसरी वस्तु कापूर. त्याचा खडा पाण्यावर ठेवून पेटविला तरी तो तरंगत जळतो, हा खेळ लहानपणीं पुष्कळांनीं केला असेल. कापूर उडून जातो म्हणून आज्या डबींत मिरीं घालीत. मिऱ्यांचा गुण कितपत असेल तो असो, झांकण मात्र घट्ट हवें. दहा-बारा फुलवाती, कापराच्या पांच-सहा वड्या, करवंटीचे चार तुकडे आणि मूठभर वाळलेल्या ढलप्या एवढें एका पत्र्याच्या डबींत बसतें. वजन पावशेरही भरत नाहीं. माझी नात हल्लीं गडावर निघाली कीं तिची आजी ही डबी भरून देते; प्रसादाची डबी म्हणून मैत्रिणी थट्टा करतात, आणि रात्रीं पहिली मागणी त्याच डबीची असते, असें तीच सांगते.

रचनेची विद्या ज्यांनीं लहानपणीं बंब पेटविला आहे त्यांना सांगावयास नको. मजकडे आमच्या घरचें तें काम होतें. खालीं करवंट्या, त्यांवर शेंगांचीं टरफलें, मग ढलप्या, आणि जाळ धरल्यावरच जाड लांकूड; आरंभींच ओंडका घातला कीं घरभर धूर आणि पाठीवर वडिलांचा हात! रानांतही क्रम हाच. उदबत्तीएवढ्या, बोटाएवढ्या आणि मनगटाएवढ्या अशा तीन जाडींच्या काटक्या वेगवेगळ्या करून, प्रत्येकीचा कवळाभर ढीग हाताशीं आल्यावांचून काडी ओढूं नये. बारीक काटकी लवकर पेटते, कारण तिच्या वजनाच्या मानानें तिचा पृष्ठभाग मोठा. वारा आणि धग तिला चोहोंकडून लागते. जमीन ओली असेल तर आधीं मनगटी लांकडांचा एक थर शेजारीं शेजारीं मांडावा आणि विस्तव त्यावर करावा. तीन दगडांची चूल मांडावयाची तर तिचें तोंड वाऱ्याकडे ठेवावें. दगड मात्र ओढ्यांतले नकोत. त्यांच्या भेगांत पाणी मुरलेलें असतें, तें तापून वाफ झाली कीं दगड तडकून कपच्या उडतात. फुंकावयाचें तें ज्वालेवर नव्हे, निखाऱ्याच्या मुळाशीं, लांब आणि एकसारखें. फुंकणीची लांब नळी होती ती ह्याचसाठीं.

ह्या कामांत खरे पंडित पाहावयाचे असतील तर दिंडीचे स्वयंपाकी पाहावेत. माझ्या लहानपणीं पाहिलेल्या दिंड्यांबरोबर सामानाच्या गाडींत सरपण आणि गोवऱ्या असत, आणि त्यांवरचें आच्छादन माणसांच्या अंगावरच्या घोंगड्यांहून अधिक काळजीनें बांधलेलें असे. पाऊस कोसळत असतां माणूस भिजला तरी चालेल, सरपण भिजतां कामा नये, हा त्यांचा दंडक. आतां बहुतेक दिंड्यांबरोबर वायूच्या टाक्या आल्या आहेत आणि तें योग्यच झालें. धुरानें डोळे चोळणाऱ्या माउल्यांचे हाल वांचले. तथापि मोठ्या कढईसाठीं अजून कोठें कोठें चर खणून लांकडें लावतात, तेथें घटकाभर उभें राहून पाहावें. पहिली चूल पेटली कीं तिच्याभोंवतीं पुढल्या खेपेचीं ओलसर लांकडें उभीं करून वाळत ठेवलेलीं दिसतील. रानांतल्या शेकोटीला हाच उपाय लागू आहे: जळतें लांकूड एक, तर शेकत असलेलीं दोन.

पावसांत कोरडें लांकूड कोठें मिळेल? जमिनीवर पडलेलें बहुधा मिळणार नाहीं. तें फडक्यासारखें पाणी शोषून घेतें. उभ्या झाडावरच वाळून लोंबणारी फांदी पाहावी. वांकविली असतां कट्कन मोडली तर कामाची. वरून भिजलेली असली तरी साल काढून उभी चिरली कीं आंतला गाभा कोरडा निघतो. जाळींत खोलवर वाळलेल्या काड्या पानांच्या आडोशानें टिकतात. कारवी कित्येक वर्षांनीं एकदां सामुदायिक फुलते आणि मग मरते. तिचे वाळलेले दांडे भरभर पेटतात. बाभूळ, खैर यांचा निखारा टिकाऊ. सावर, पांगारा हे चट्कन जळून राख होतात, त्यांच्या भरंवशावर रात्र काढूं नये. बिब्ब्याचें लांकूड चुकूनही जाळूं नये. बिब्बा उतणें म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याच्या धुराचें निराळें सांगावयास नको. कण्हेर विषारी आणि शेराचा चीक डोळ्यांस घातक, म्हणून तींही वर्ज्य. आणि जिवंत झाडास हात लावण्याचें तर कारणच नाहीं, कारण ओलें लांकूड जळत नाहीं.

हा सर्व खटाटोप केवळ मौजेसाठीं नव्हे. मनुष्याच्या शरीराची उष्णता 37 अंशांच्या आसपास असते. ती 35 च्या खालीं गेली कीं जिवावरचें दुखणें सुरू होतें. त्याला हिमालयच लागतो असें नाहीं. चिंब भिजलेले कपडे, सुसाट वारा आणि रिकामें पोट एवढें जमून आलें तर आपल्या घाटमाथ्यावरचा श्रावणही पुरतो. कुडकुडणारा मनुष्य एकाएकीं कुडकुडावयाचा थांबला, अडखळत बोलूं लागला, निजावयास मागूं लागला, तर तो बरा होत नसून बिघडत आहे असें समजावें. अशा वेळीं विस्तवाचा क्रमांक मात्र पहिला नाहीं. आधीं आडोसा, मग ओले कपडे उतरवून कोरडे, मग पांघरूण, नंतर शेक आणि शुद्धींत असेल तर गरम गोड पेय. मद्य पाजूं नये. त्यानें ऊब वाटते आणि उष्णता निघून जाते. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी बंद तंबूंत किंवा दार लावलेल्या खोलींत नेणें, हें तर स्वतःच्या हातानें मरण आंत घेणें होय. कोळशाच्या धुमसण्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेला मनुष्य झोंपेंतच जातो. दर हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांत अशी एखादी बातमी असतेच, आणि घरें पुष्कळदां सुशिक्षितांचीं असतात.

दुसरी बाजू उन्हाळ्याची. पावसांत जो विस्तव करतां करतां नाकीं नऊ येतात, तोच फाल्गुन-चैत्रांत न मागतां पसरतो. माघापासून डोंगरांवरचें गवत वाळून कोळ झालेलें असतें. एका ठिणगीनें वणवा लागतो. जाळलें म्हणजे पुढल्या वर्षीं गवत चांगलें येतें, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. त्या गवताबरोबर वीत-वीत वाढलेलीं रोपें जळतात, पक्ष्यांचीं घरटीं जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसांत वाहून जाते, हें कोणी मोजीत नाहीं. 2018 च्या मार्चमध्यें तामिळनाडूंत तेनी जिल्ह्यांतील कुरंगणीच्या डोंगरांत वणव्यानें गांठलेल्या पदभ्रमण करणाऱ्यांपैकीं वीसांहून अधिक जणांचा प्राण गेला. राखीव वनांत विस्तव करण्यावर 1927 च्या वन-अधिनियमानें निर्बंध आहेत, अभयारण्यांस 1972 चा वन्यजीव-अधिनियम लागू आहे. तेथें जीव धोक्यांत असल्यावांचून काडी ओढूं नये. गवताळ माळावर उन्हाळ्यांत तर कोठेंच नको. गडावरील कोरीव लेण्यांत, टांक्यांच्या कडेला, देवळाच्या ओसरीवर शेकोटी करणाऱ्यांविषयीं मी काय लिहावें? शतकानुशतकें टिकलेल्या दगडावर एका रात्रींत काजळी धरते.

राहिलें विझविणें. आगींतून फुफाट्यांत पडणें असा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. फुफाटा म्हणजे वरून थंड, करड्या दिसणाऱ्या राखेखालचा धगधगता थर. म्हणूनच त्यांत पाय पडतो. शेकोटीवर माती लोटून निघून जाणारे लोक नेमका हाच फुफाटा मागें ठेवतात, कारण मातीखालीं निखारा राखेंतल्याप्रमाणेंच जिवंत राहतो. निघण्यापूर्वीं अर्धा तास जाळ घालणें थांबवावें. मग पाणी थोडें थोडें शिंपडावें, काठीनें राख तळापासून ढवळावी, अर्धवट जळालेलीं लांकडें उलटून त्यांच्या खालच्या बाजूवरही पाणी घालावें, आणि चुरचुर आवाज थांबेपर्यंत हें करीत राहावें. शेवटीं हाताची मागली बाजू आधीं राखेवर धरावी आणि धग लागली नाहीं तरच टेकवावी. ऊन लागली तर आणखी एक तांब्या.